तापीपलीकडची मांजर आणि मी

मी उशी. सावद्याच्या जुनैदभाऊ पिंजाऱ्यांच्या घरातली, सावरीच्या कापसाची. आमचं झाड सातपुड्याच्या पायथ्याशी, मोगराबाई नावाच्या शेतकरणीच्या बांधावर. त्याचं लाकूड ना नांगराला उपयोगी ना घराला, म्हणून ते कुऱ्हाडीतून सुटलं. तोच निवांतपणा माझ्यात उतरलाय. डोकं आलं की खोल व्हायचं, गेलं की फुगायचं. बाकी मी काही करत नाही.

माझ्यावर दुपारी दोघी झोपायच्या, जुनैदभाऊंची बायको सदफ आणि तिची करडी मांजर. उशीला स्वप्नं कळतात. पण कुठलं कुणाचं, हे मला कधीच सांगता आलं नाही. एक स्वप्न रोज यायचं: तोंडात पिल्लू धरून सातवं घर शोधत हिंडायचं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सदफनेही लेकरं घेऊन भाड्याच्या पाच खोल्या बदललेल्या. जाग आली की तिचे दात दुखायचे, अन् मांजरीचे पाय झोपेतच चालत असायचे.

एकदा गिऱ्हाइकाच्या नव्या गादीत मांजरीचे केस निघाले. जुनैदभाऊ वैतागले. पिंजलेल्या कापसात लोळणारं जनावर पिंजाऱ्यानं ठेवायचं कसं? त्यांचंही चुकत नव्हतं.

"तिले सपनं पडतात," सदफ म्हणाली. "राहू द्या तिले."

"जनावराले कसलं सपन? तुले काय मालूम?"

सदफला पुरावा देता येईना. उशीला तर विचारतो कोण! जुनैदभाऊंनी मांजर पोत्यात घालून तापीपलीकडे सोडून दिली.

पण तिचे केस माझ्या खोळीत राहिलेत, आणि स्वप्न थांबलेलं नाही. पहिल्या दुपारी पूल आला, ट्रकांची घरघर पोटात शिरली. मग केळीच्या बागा, ठिबकच्या गळक्या नळ्या चाटून भागवलेली तहान. मग पुढचा डावा पाय दुखायला लागला. सदफ हल्ली उठते ती डावा हात चोळत. ही वाट कोण चालतंय मला ठाऊक नाही. पण चालणारीला घरी यायचंय, आणि मला तिची फार माया वाटते.

काल स्वप्नात आमच्या गल्लीचा नळ दिसला.

आज जुनैदभाऊंनी मला पिंजायच्या मशीनपाशी आणलंय. "या उशीनं तुही झोप बिघडवली. पिंजून देतो," असं सदफला प्रेमानंच म्हणाले. कात्री टाक्यावर टेकली आहे. पिंजल्यावर मी मऊ होईन, केस उडून जातील, आणि गल्लीत आलेलं स्वप्न तिथंच तुटेल.

जुनैदभाऊ, एवढी दुपार थांबा. तिला माझ्यावर झोपू द्या, आणि दार लोटू नका.