बायांत कोण

काळूरामने पिंडावरची माशी पुन्हा एकदा हाकलली आणि हात जोडून मागे सरला. भारंगी नदीच्या काठावर, काळ्या दगडावर मांडलेल्या पत्रावळीत वडिलांच्या दहाव्याचा पिंड मघापासून तसाच होता. समोरच्या उंबरावर कावळे बसले होते. ओरडत नव्हते, उडत नव्हते. पिसं फुगवून पावसाची उघडीप अंगावर घेत होते.

त्याची बहीण राही बायकांच्या घोळक्यात करंजाखाली उभी होती. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“आयला सांभाळीन,” काळूराम पिंडाकडे बघून मोठ्याने म्हणाला. “बैल इकणार नाय. माळावरला तुकडा इकणार नाय.”

कावळे बसून राहिले.

माणसं चुळबुळत होती. आवणीचे दिवस होते. भाताची रोपं उपटून बांधाबांधावर पडली होती आणि लावणारे इथे अडकले होते. भटजींनी दोनदा सूर्य कुठे दिसतो का ते पाहिलं.

“साहेबाच्या बंगल्यावर जल्म गेला देवजीचा,” कुंडलिक शेजारच्याला म्हणाला. “टेबल मांडा, काटा-चमचा ठेवा. मंग येतील.”

दोघं-तिघं हसले. राहीलाही हसू आलं असतं. बा असता तर त्याने कुंडलिकला लगेच परतवलं असतं.

शहापुरात जंगलखात्याच्या साहेबाच्या बंगल्यामागे टेनिसचं गवती मैदान होतं. ते देवजी राखायचा. गवत कापायचा, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायचा. लढाई लागली, साहेब गेले, जाळी कुजली. हा मात्र पावसाळा संपला की रूळ फिरवायला जायचा. घरचे हसायचे. खेळताना साहेब ‘लव’ म्हणून ओरडत. लव म्हणजे एकही गुण नाही, हे त्याने बघून बघून ओळखलं होतं. पण शब्द त्याला आपलाच वाटे. गवताची लव. ज्याच्याकडे काही नाही, त्याच्या पायाखाली निदान तेवढी आहे. राही कल्याणला शिकली, तिथेच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तिला कळला. तिने तो बाला कधी सांगितला नाही.

विलायतेत विम्बल्डन म्हणून गाव आहे आणि तिथे दर पावसाळ्यात असल्याच गवतावर जगातले खेळाडू येतात, हे त्याला साहेबाच्या खानसाम्याने सांगितलं होतं. तेव्हापासून दर जुलैत बंगल्यावरचा पेपर घरी यायचा आणि राही वाचून दाखवायची. पेरी लागोपाठ तीनदा, मग बज दोनदा. बा मान डोलवायचा, पण त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

“बायांत कोण?”

हेलन मूडी जिंकली त्या वर्षी त्याने विचारलं होतं, “मूडी म्हंजे तिच्या सासरचं नाव का गो?”

“हो.”

“मंजी लगीन झालं तरी खेळते.” एवढं बोलून तो बराच वेळ तंबाखू मळत बसला होता.

लढाईच्या वर्षांत स्पर्धा बंद होती. दर जुलैत तो विचारायचा, “औंदा?” आणि ती म्हणायची, “औंदाही नाही, बा.” लढाई संपली, आणि या वर्षी ती पुन्हा भरली. त्याने अंथरुणावरून निरोप धाडला होता, पेपर घेऊन ये. रविवारचा पेपर घेऊन राही गाडीत बसली. ती घरी पोहोचली तेव्हा ओटीवर माणसं बसलेली होती आणि अंगणात बांबू तासत होते. पेपर पिशवीतच राहिला.

“राहीला बोलवा,” धर्माकाका म्हणाला.

वडिलांचा हा धाकटा भाऊ. सगळ्यांच्या नजरा करंजाकडे वळल्या, जणू त्या इतका वेळ याचीच वाट पाहत होत्या.

“ये गो पुढं. आमी सगलं बोलून बघितलं. भावाचा जीव कशात अडकलाय ते लहान पोराला पन कळंल.” काकाने आवाज उतरवला. “मुरबाडच्या पावन्यांना हो म्हन. हितं, त्याच्या म्होरं. बघ कावळा कसा येतो.”

मुरबाडचे पाहुणे शिमग्याआधी येऊन गेले होते. भाताची गिरण, मुलगा सरळ, घरात खाऊन-पिऊन सुख. फक्त सुनेने शाळा सोडायची. सगळं बोलणं झाल्यावर, उठता उठता, बाने त्यांना एकच विचारलं होतं, “खेळू देनार का?” पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही, असं त्यांना वाटलं असावं. राही आत चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली होती.

इथे दिलेला शब्द मोडत नाहीत. पिंडासमोर हो म्हटलं की हो. राही चिखलातून चालत दगडापाशी आली. गुडघे टेकले. तळव्यांखाली ओलं बारीक गवत लागलं. कावळ्यांपैकी एकाने मान तिरकी केली.

पाण्याचा आवाज तेवढा मोठा झाल्यासारखा वाटला.

“बा,” ती म्हणाली. “बायांत बेट्झ. पॉलिन बेट्झ, अमेरिकेची. सहा-दोन, सहा-चार.” ती थांबली. “पुरुषांत पेट्रा. फ्रान्सचा. लढाईत जर्मनांच्या कैदेत होता, बा. लांब विजार घालून खेळला.”

आणखी काही सांगायचं होतं. ती तशीच बसून राहिली.

कावळा उंबराच्या खालच्या फांदीवर उतरला. सगळ्यांनी श्वास धरला. त्याने चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी घासली आणि तिथेच बसला.

“बोललीस?” काकाने विचारलं.

“बोलले.”

“हो म्हनलीस?”

राहीने मान हलवली. नाही.

काकाचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. “अगो, बाप अडकून पडलाय तुझ्यापायी. आनी तू—”

“वेळ टळते आहे,” भटजी मधेच म्हणाले. “कावळा शिवत नसेल तर दर्भाचा करतात. शास्त्रात आहे ते. त्याने शिववू.”

“गवताच्या कावळ्यावर वाटेला लावू भावाला? गाव काय म्हनंल?”

“गवताचा मानूस, गवताचा कावळा,” कुंडलिक पुटपुटला. या वेळी कुणी हसलं नाही.

“करा,” मागून आवाज आला.

राहीची आई करंजाखालून पुढे आली होती. इतक्या दिवसांत ती चार माणसांत पहिल्यांदा बोलली. पदर घट्ट लपेटलेला, कपाळ मोकळं.

“गवताचाच करा भटजी. त्यांचं काय वाईट नाय केलं गवतानं.”

“वैनी, तो अडकलाय—”

“ते नाय अडकले, भावजी. ते इचारून गेलेत.” आईने काकाकडे पाहिलं नाही, पिंडाकडे पाहिलं. “मुरबाडवाल्यांना इचारलंनी, खेळू देनार का. त्यांनी अजून उत्तर नाय दिलं. त्याला माझी पोर काय करंल आनी कावळा काय करंल?”

“काय खेळायचंय हिला?” काका म्हणाला.

आईने भटजींकडे हात केला. काकाने खांद्यावरचा पंचा उगाच झटकला.

भटजींनी दर्भ वळून गाठ मारली. चोच झाली, शेपूट झालं. काळूरामने ते दोन बोटांत धरून पिंडाला टेकवलं. पाणी सोडलं. माणसं लगेच उठली. कुणी धोतराचा काचा खोचत बांधाकडे निघालं, कुणी इरलं डोक्यावर घेतलं. काका सगळ्यांच्या पुढे गेला.

मायलेकी मागे राहिल्या. आईने नदीच्या पाण्यात पाय धुतले, राहीचा हात धरून वर चढली. पायवाटेने थोडं चालल्यावर तिने विचारलं,

“हरली ती कोन?”

राहीला क्षणभर कळलं नाही.

“बायांत गो. हरली ती.”

“ब्रफ म्हणून होती. लुईज ब्रफ.”

“तिचे किती?”

“पहिल्यात दोन. दुसऱ्यात चार.”

आईने मनाशी ते मोजल्यासारखं केलं. राही रात्री पेपर वाचायची तेव्हा आई नेहमी पाठमोरी, भांडी घासत असायची.

“मंजी लव तरी नाय,” ती म्हणाली.

तेवढ्यात मागे, दगडाच्या बाजूला, पंख फडफडले. पत्रावळ ओढल्याचा आवाज आला. राहीचं पाऊल अडखळलं. आईने तिचा दंड धरला. दहाव्याहून निघालं की मागे बघायचं नसतं. दोघी पुढे बघत चालत राहिल्या. पाऊस पुन्हा सुरू झाला होता.