भोकाचा पैसा

नाणी न्यायला आलेल्या मनोहररावांनी चिमट्यात पैसा धरून खिडकीकडे केला आणि जीभ दाताखाली दाबली.

"वहिनी, भोक पाहा. मधात नाही, सरकलं. टाकसाळीतली चूक. पूर्ण नागपुरात असा दुसरा नसंन."

सिंधूताईंनी पाहिलं नाही. गणपतरावांना जाऊन दोन महिने झाले होते आणि त्यांच्या नाण्यांचे सात अल्बम आज घराबाहेर जाणार होते. पाच महिन्यांचं लेकरू गेलं त्या आठवड्यातही नवरा नाणी मांडत बसला होता. ही तक्रार त्यांनी बेचाळीस वर्षं जपली होती, त्याच्या अल्बमांपेक्षा नीट.

विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "भोक काहून पाडलं जी?"

"लढाई होती ना. तांबं काडतुसाले पाहिजे होतं. म्हणून मधलं काढून घेतलं. राजाचं डोकं बसाले जागा उरली नाही, मुकुट तेवढा राहिला."

"मधलं काढून घेतल्यावर चालला?"

"चालला ना. पैशाचा पैसाच." मनोहररावांनी भिंग जवळ नेलं. "भोकात धागा अडकून राहिला. टाचणी द्या, काढतो. भाव चढते."

सिंधूताईंनी हात पुढे करून पैसा घेतला.

काळा धागा. त्यात एक लाल. तो त्यांनी स्वतःच्या साडीच्या काठातून उसवून पिळला होता, विक्रमला दृष्ट लागू नये म्हणून. पैसा सिंधूताईंच्या आईनं दिलेला, करदोट्यात ओवायला. करदोटा माणूस गेल्यावरच तोडतात. तो तोडायला बाप गेला होता. आईला घरीच बसवलं होतं. परत आल्यावर त्यांनी विचारलं होतं, पैसा कुठं आहे?

"गेला त्याच्यासंगं," म्हणून गणपतराव भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"अन् हे वाचा." मनोहरराव हसत होते. "साहेब एवढे काटेकोर, अन् इथंच चुकले."

पैशामागच्या चिठ्ठीवर तेच गोल, कारकुनी अक्षर होतं : एक पैसा. १९४३. भोक सरकलेले. चलनात : पाच महिने.

"हा तर कितीक वर्षं चालला, वहिनी. थांबा, दुरुस्त करतो." त्यांनी पेन उघडलं.

सिंधूताईंनी टेबलावरचं टोपण उचललं आणि त्यांच्या हातातल्या पेनावर बसवलं.

"बरोबर हाय ते."

मग टाचणी आणते म्हणून त्या आत गेल्या. पैसा मुठीतच होता. मनोहरराव बराच वेळ वाट पाहत बसले.