परवडणारा फ्लॅश

ताईचा डोळे उघडे असलेला एकही फोटो घरात नव्हता, आणि घरात एक फोटोग्राफर होता. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त लाजिरवाणी आहे, हे त्या फोटोग्राफरलाही मान्य होतं. त्याच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला ताई केकसमोर झोपलेली. काकांच्या साठीला रांगेत उभ्या उभ्या झोपलेली. प्रत्यक्षात ही बाई चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स, त्यातली शेवटची बारा हेडसिस्टर, आणि वॉर्डात चार खाटांपलीकडचं सलाइन संपत आलं तरी हिला बसल्या जागी कळायचं. पण भावाने कॅमेरा उचलला की हिच्या पापण्या पडल्याच म्हणून समजा.

भावाचा स्टुडिओ लहानसा होता. पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो हे त्याचं पोट. तिथे दोन मोठे दिवे सतत जळत असत, गिऱ्हाईक स्टुलावर बसे, तो "हलू नका" म्हणे आणि गिऱ्हाईक खरोखरच हलत नसे. कार्यक्रमांचे फोटो तो नात्यातल्या नात्यातच काढी, तेही कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या टिचभर फ्लॅशने.

ताईचा फोन आला तो सोमवारी. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी माझा निरोप समारंभ आहे. मीटिंग हॉलमध्ये. फोटो तू काढायचेस."

"काढतो की."

"आणि ऐक. एक तरी डोळे उघडे असलेला हवा. उद्या भिंतीवर लागायची वेळ आली तर लोक म्हणतील, हिचा फोटो जरा उशिराच काढला वाटतं."

नर्सांचे विनोद असेच असतात. तो हसला, पण मनात ठरवलं की आता चांगला फ्लॅश घ्यायचाच. चांगला म्हणजे परवडणारा. काचेच्या कपाटातल्या नामांकित फ्लॅशची किंमत त्याने विचारलीसुद्धा नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या.

दुकानदाराने काउंटरवर दोन फ्लॅश मांडले. "हा साधा. उजेड किती टाकायचा ते तुम्ही हाताने ठरवायचं. हा ऑटो. उजेड स्वतःच मोजतो, स्वतःच ठरवतो. याची किंमत दीडपट. मान दोघांचीही वळते, छताकडे तोंड केलं की उजेड मऊ पडतो. कुणाचे फोटो काढायचेत?"

"बंद हॉलमधल्या कार्यक्रमाचे."

"ते झालं. माणसं कशी आहेत?"

"माणसं चांगली आहेत," फोटोग्राफर म्हणाला.

दुकानदाराने दोन्ही फ्लॅशची माहितीपत्रकं त्याच्यापुढे सरकवली.

त्यानंतर आठ दिवस या माणसाने त्या दोन फ्लॅशचा जो कीस पाडला तो सांगायचा म्हणजे तुमचाही जीव जाईल. सेल किती चालतात, गरम किती होतो, पडला तर काय. रात्रंदिवस तेच. बायको शेवटी वैतागून म्हणाली, "माझ्या वेळी एवढा विचार केला होतात का हो?"

"तेव्हा तुलना करायला दुसरं मॉडेल नव्हतं," तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला. त्या दिवशीचा चहा त्याला स्वतःच करून घ्यावा लागला.

शेवटी ऑटो घेतला. कारण साधंसुधं होतं: ताईच्या बाबतीत हाताने काही ठरवायचं म्हटलं की ते हमखास चुके. यंत्राने ठरवलं तर चूक यंत्राची. घेतलेली वस्तू पारखून बघावी म्हणून त्याने शेजारच्या कपड्यांच्या दुकानातली प्लॅस्टिकची बाई मागून आणली, स्टुडिओत उभी केली, दिवे बंद केले आणि तिचे पन्नास फोटो काढले. पन्नासही सुरेख. कातडी मऊ, मागे सावली नाही, आणि बाईने एकदाही डोळे मिटले नाहीत. तो इतका खूश झाला की बायकोला बोलावून एकेक दाखवला. बायको एवढंच म्हणाली, "हिला आमंत्रण आहे का शनिवारचं?"

शनिवारी हॉल भरला. खुर्च्या साठ, माणसं ऐंशी, पडदे ओढलेले, कारण कुणीतरी भिंतीवर जुनी चित्रं दाखवणार होतं. छत पांढरं आणि ठेंगणं. फोटोग्राफरला गहिवरून आलं; असं छत नशिबानेच मिळतं. मोठ्या डॉक्टरांनी ताईला पुष्पगुच्छ दिला. लख्ख! त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. उजेड अप्रतिम, पुष्पगुच्छातलं पान न् पान स्पष्ट, डॉक्टर दहा वर्षांनी तरुण. ताई झोपलेली.

पुन्हा काढला. झोपलेली. बाजूने काढला. झोपलेली. "एक, दोन, तीन" म्हणून काढला, तेव्हा तर ताई झोपलेली आणि डॉक्टर दचकलेले. चौदा फोटो झाले. ताईने लांबूनच भुवया उंचावून विचारलं, आला का? त्याने अंगठा वर केला. आयुष्यात एवढं खोटं तो पासपोर्टच्या गिऱ्हाइकांशीही बोलला नव्हता.

मग ताई माइकसमोर उभी राहिली. भाषण! म्हणजे पाच-सात मिनिटं हाताशी आली. आभाराच्या भाषणात काय असतं ते त्याला पाठ होतं. नात्यातल्या समारंभांत अशी भाषणं ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. तो हळूच बाहेर सटकला आणि व्हरांड्यातून दुकानदाराला फोन लावला.

"अहो, तुमच्या फ्लॅशमध्ये माझ्या बहिणीचे डोळे मिटतायत!"

"मिटणारच," दुकानदार शांतपणे म्हणाला. "ऑटो आहे तो. आधी एक बारीक चमक मारतो, उजेड मोजायला. मग खरी. काही माणसांचे डोळे भलतेच चपळ. पहिल्या चमकेला मिटतात, दुसरीला फोटो निघतो. कॅमेऱ्यावरचा छोटाही तेच करतो. म्हणून तर विचारलं होतं, माणसं कशी आहेत."

फोटोग्राफरने कपाळाला हात लावला. "मग आता?"

"मागचं बटण दाबा, मॅन्युअलवर टाका. म्हणजे तो साधा होईल. तुम्ही घेतला नाहीत ना, तो."

बटण सापडायला वेळ लागला. मग उजेड जुळवायला त्याने व्हरांड्यातल्या सूचना फलकाचे सहा फोटो काढले. पहिले तीन पांढरेफटक, पुढचे दोन काळे, सहावा झकास. आतून माइकवरचा ताईचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मध्ये लोक हसले, मग एकदम गप्प झाले.

तो दार ढकलून आत शिरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. कॅमेरा दिसला की लोक बघतातच, असं समजून त्याने कॅमेरा उचलला. ताई माइकमागून थेट त्याच्याकडे बघत होती. लख्ख.

डोळे उघडे. टपोरे, ओले, हसरे. चाळीस वर्षांपूर्वीची ताई त्या चेहऱ्यात सहज दिसत होती. एवढा चांगला फोटो त्याने जन्मात काढला नव्हता. त्याला ओरडावंसं वाटलं.

चहाच्या टेबलापाशी वॉर्डातल्या मावशी पदराने डोळे पुसत त्याच्याकडे आल्या. "तुम्हीच का हो ते हाडं विचारणारे?"

"कसली हाडं?"

"अगं बाई, तुम्ही आत नव्हता? सिस्टर म्हणाल्या, परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, सोडून देणार होते. तर माझा नऊ वर्षांचा भाऊ रोज पुस्तक घेऊन समोर बसायचा. इंग्रजी वाचता यायचं नाही, तरी दोनशे सहा हाडांची नावं तोडत मोडत विचारायचा, आणि चुकले की छडी म्हणून फूटपट्टी मारायचा. म्हणाल्या, मी नर्स झाले ती त्याच्यामुळे. तो आलाय म्हणाल्या इथे, कुठेय बघा जरा."

ते सगळं तो विसरला होता. फूटपट्टी तेवढी अंधूक आठवली. तो कॅमेरा घेऊन ताईकडे गेला आणि फोटो दाखवला. ताईने तो बराच वेळ पाहिला.

"छान आलाय रे. डोळे उघडे आहेत की माझे!"

"ताई, ते हाडांचं काय बोललीस? मी बाहेर होतो. परत सांग ना."

"वेडा आहेस का?" ताई म्हणाली. "ऐंशी माणसं समोर होती म्हणून बोलले गेले. तुझ्या तोंडावर मला कधी जमलंय का असलं?" मग तिने त्याची कॉलर नीट केली आणि ती पुढच्या पाहुण्याकडे वळली.

तो फोटो आता स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे, चांगला मोठा करून. गिऱ्हाइकं विचारतात, कुठला फ्लॅश वापरलात? तो प्रामाणिकपणे सांगतो, साधा घ्या, स्वस्तातला पुरतो. हॉस्पिटलच्या बाजूला काम निघालं की तो मावशींना गाठतो आणि ताई त्या दिवशी काय म्हणाली ते पुन्हा विचारतो. आतापर्यंत तीनदा विचारून झालंय. मावशी हौसेने सांगतात, पण दर वेळी थोडं वेगळंच सांगतात.