रबराची सहा पाती

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी अप्पांनी बोट शेडमध्ये ढकलली, आणि थोरलीचा मुलगा बोलायला लागला त्या वर्षी ती बाहेर निघाली. मधली तीन वर्षं अप्पा आणि त्यांची मोठी बहीण अक्का एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण बोटीवरूनच. भर लग्नात चार माणसांदेखत अक्का म्हणाली होती, "डोळे अधू झालेत तुझे. एक दिवस बुडशील. बंद कर ती बोट." अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "केली बंद!" म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी शेडला कुलूप लागलं. अक्काचं घर तलावाच्या पलीकडच्या काठावर, रस्त्यानं दिवसभराच्या वळशावर.

आता अक्कानं अंथरूण धरलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. गुरुवारी सकाळी तिचा निरोप आला, "त्याला म्हणावं, मी चुकले. बोट घेऊन ये."

अप्पांची धाकटी लेक पंपांची दुरुस्ती करायची. तिनं नवी बॅटरी जोडली, तेल बदललं, बोट पाण्यात उतरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडलं.

"बघ! जुनं हाड आहे," अप्पा म्हणाले.

धाकटीचं लक्ष मात्र मागच्या धुराच्या नळीकडे होतं. नळीनं धुराबरोबर पाणी थुंकायला हवं होतं. येत होता नुसता कोरडा धूर. पाचव्या मिनिटाला तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. तिनं इंजिन बंद केलं.

"तापलं. तलावाचं पाणी आत खेचलं जात नाहीये."

पाण्याची चावी उघडी होती. जाळी साफ होती. पट्टा ताठ होता. राहिला पंप. चार स्क्रू काढून तिनं झाकण उघडलं. पाणी खेचणाऱ्या रबरी चाकाला सहा पाती असतात. तीन वर्षं एका अंगावर दबून ती वाकली ती वाकलीच, वर वाळून कडक झालेली. त्यातली दोन तर बुडापासून तुटलेली.

"अप्पा, हे चाक तुम्ही दरवर्षी काढून खिळ्याला टांगायचात ना?"

अप्पा पाण्याकडे बघत राहिले. "त्या वर्षी रागात होतो."

नवं चाक बोटीतल्याच डब्यात निघालं. तिनं ते बसवलं.

"झालं ना? सोड दोर."

"तुटलेली दोन पाती कुठायत?"

"गेली असतील वाहून."

"मोजून काढायचं, मोजून बसवायचं. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं तेव्हा पलीकडे कुणी मरत नव्हतं!"

धाकटीच्या हातात दोर तसाच राहिला. निघालो आणि त्या तुकड्यांनी पाणी अडून तलावाच्या मध्यावर इंजिन जळालं, तर आत्या वाट बघतच जाईल. थांबलो, तरी कदाचित तेच होईल.

"तासभर द्या मला."

"मी देईन गं. अक्का देईल का?"

तिनं पाना उचलला.

एक पातं पंपापुढच्या नळीच्या वळणात सापडलं. दुसरं काही केल्या मिळेना. शेवटी अप्पा धापा टाकत गुडघ्यांवर बसले आणि पाणी जिथे इंजिन थंड करायला शिरतं त्या तोंडात त्यांनी हाताचं बोट घालून चाचपलं.

"हे बघ. बारीक नळ्यांवर आडवं झोपलंय."

तिनं चिमट्यानं ते ओढून काढलं. दोन्ही तुकडे जुन्या चाकाला लावून पाहिले. सहा.

या खेपेला नळीनं भसाभस पाणी थुंकलं. काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. अप्पांनी सुकाणूला हात घातला, क्षणभर थांबले आणि बाजूला सरकले.

"तू धर. मला तो काठ दिसत नाही."

पलीकडे पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अक्कानं पडल्यापडल्याच इंजिनाचा आवाज ओळखला होता.

"केवढा उशीर रे?"

"चाक काढून ठेवायचं राहिलं होतं."

"वाटलंच मला. रागावलास की दारसुद्धा नीट लावत नाहीस तू."

अप्पा तिच्या उशाशी बसले, ते घरी परतलेच नाहीत. नऊ दिवसांनी, शनिवारी सकाळी, अक्का वारली.