हाक मारणारीला जागा नाही

मी हातभर रूळ बोलतोय. नवापूरच्या लाइनीवर दुरुस्ती झाली, तेव्हा मला कापून कडेला फेकलं होतं. तिथून अब्राहामने बैलगाडीत घालून मला घरी नेलं आणि अंगणातल्या महूच्या फांदीला घंटा म्हणून साखळीने टांगलं.

अब्राहाम बागायतदार होता, शिवाय गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे तिच्या कारभारी पंचांपैकी एक. प्रार्थनाघर अजून बांधलेलं नव्हतं, म्हणून प्रार्थना त्याच्याच पडवीत व्हायची. सहा दिवस मी मजुरांना शेतावर बोलवायचो आणि रविवारी भाविकांना प्रार्थनेला. मला वाजवायचं काम रमीबाईचं होतं. ती अब्राहामकडे वर्षाच्या बोलीवर कामाला राहिलेली विधवा. तिचा बाप्तिस्मा झालेला होता, पण महिन्यातून एका रविवारी प्रभूच्या नावाने भाकर वाटतात, त्या प्रभुभोजनाला तीन वर्षांत एकदाही तिला बसायला मिळालं नव्हतं. ती मला वाजवायची, लोक आत यायचे, आणि हातोडा ठेवून ती गुरं घेऊन नदीकडे निघायची.

"आबा, एक रविवार मालेबी बसू द्या ना," ती म्हणायची.

"ढोरेसले रविवार समजस का? तू जाय. तुन्हा वाटानी प्रार्थना मी करस."

"मंग आखाजीले तरी माहेर जाऊ द्या."

"आखाजी?" अब्राहाम दुखावल्यासारखा बघायचा. "आपन ख्रिस्ती शेतस, रमी!"

अक्षय तृतीयेच्या त्या सणाला गावातली प्रत्येक सालदारीण माहेरी जाऊन झोक्यावर बसायची. रमीबाईचा सण धर्माने गेला आणि रविवार गुरांनी नेला. पडवीत 'बंधुभगिनींनो' म्हणणारा हा माणूस पायरी उतरला की 'ए रमी' म्हणून ओरडायचा. बाकीचे वडील ऐकायचे. ऐकून मिशा पुसायचे. एवढी माणसं एकदम बहिरी होतात, याचं मला लोखंड असूनही नवल वाटायचं.

मग एकदा प्रभुभोजनाच्या रविवारी बाहेरगावचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. त्या दिवशीचं वाचन होतं धन्याने चाकराशी न्यायाने वागावं या भागाचं, आणि ते वाचलं अब्राहामनेच, अगदी खणखणीत.

रमीबाईने त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जोरात वाजवलं होतं. मग हातोडा खाली ठेवला, पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि आत जाऊन ती बायकांमध्ये बसली. गोठ्यात गुरं हंबरत राहिली.

भाकरीचं ताट घेऊन अब्राहाम एकेकापुढे वाकत होता. रमीबाईने दोन्ही हात पुढे केले. तो थांबला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ढोरे पाणीवर कोन लई जाई?"

"आज तुम्ही लई जा, आबा. तुमना वाटानी प्रार्थना मी करसू."

मागून कुणी बाई फिसकन हसली. अब्राहामचं तोंड तांबडं झालं. त्याने ताट उचललं आणि पुढच्या बाईकडे नेलं.

रमीबाईचे हात तसेच पसरलेले राहिले. पाळकांनी पुस्तकात डोकं घातलं. वडील मंडळींनी डोळे मिटले. डोळे मिटणं त्यांना फार जमायचं.

ती उठली आणि निघाली, ती कायमचीच. अर्ध्या वर्षात काम सोडणाऱ्या बाईला गावात दुसरं कुणी ठेवत नाही, हे तिला ठाऊक होतं. माझ्याखालून जाताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. का पाहावं? तीन वर्षं तिच्याच हाताने मी तिला सोडून बाकी सगळ्यांना बोलवत होतो.

त्याच आठवड्यात वडील मंडळी बसली. चूक झाली हे सगळ्यांना मान्य होतं. कुठली चूक? घंटा मजुराच्या हाती दिली, ही! मग पितळी घंटा आणली, पडवीच्या आत टांगली. ती अब्राहाम स्वतः वाजवतो. मला महूवरून उतरवून गोठ्याच्या दारात टाकलं. गुरं माझ्यावर पाय देऊन जातात.

गंज चढलाय, त्याचं मला दुःख नाही. दर रविवारी ती नवी घंटा गोड वाजते आणि माणसं धुतलेले कपडे घालून आत जातात. त्यांतल्या तरुणांना मला सांगायचंय : म्हाताऱ्यांच्या मरणाची वाट बघू नका. बाहेर जा, रमीबाईला शोधा. तिने तेव्हा मागितला होता तो भाकरीचा तुकडा अजून तुमच्या ताटात आहे, आणि तुम्ही तो दर महिन्याला खाताय.