बाळंतपणाच्या टेबलाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी टेबल आहे. जेवायचं नाही, अभ्यासाचंही नाही. माझ्यावर बायका बाळंत व्हायच्या. हसू नका, लाजूही नका. तुमच्यातले कितीतरी जण माझ्याच एखाद्या भावंडावर जन्मले आहेत.

कोन गावच्या एका वर्कशॉपमध्ये मला घडवलं. वर काळं रेक्झिन, बाजूंना बाईचे पाय अडकवायला दोन लोखंडी आधार. कामतघरच्या एका छोट्या प्रसूतिगृहात मला आणलं, तेव्हा डॉक्टरांनी नारळ फोडला. "आता वाकायला नको," ते खूश होऊन म्हणाले. माझी उंची त्यांच्या सोयीची होती. बाईला काय सोयीचं, ते कुणी विचारलंच नाही.

वीस वर्षं मी काम केलं. भिंतीपलीकडे कापड कारखान्यातल्या लूमचा खडखडाट, अलीकडे कण्हणं. कळा आल्या की बाईला उताणं निजवायचं, पाय अडकवायचे. ओरडली की आया कमळबाई मांडीवर चापट मारायच्या. "लग्न करताना नाय कळलं? तोंड बंद ठेव!" मला मात्र रोज फिनाईलने हळुवार पुसायच्या. लोखंडाला जपायचं आणि जिवंत बाईला मारायचं, हा कुठला न्याय, मित्रांनो?

गेल्या वर्षी मदीहा आली. वीस-एकवीस वर्षांची पहिलटकरीण. कारखान्यात कापडाच्या घड्या घालायला जायची. बराच वेळ कळा देऊनही बाळ पुढे सरकेना. ती उठू पाहत होती, कुशीवर वळू पाहत होती. कमळबाईंनी तिला दाबून धरलं आणि एक चापट ठेवून दिली.

"नाजूक कुठली! आमच्या टायमाला बायका लूमवरून उठून यायच्या न् मोकळ्या व्हायच्या."

तेवढ्यात वनिता सिस्टर ड्युटीवर आल्या. त्यांनी कमळबाईंचं मनगटच धरलं. "पुन्हा हात उचलायचा नाही." त्यांनी मदीहाला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. ते ठीक होते. मग दाराबाहेर रडत बसलेल्या तिच्या सासूला, सईदाबींना, आत बोलावलं.

"सिस्टर, माझ्या सुनेत काय खोट हाय का?"

"कसलीच खोट नाही, खाला. लाखो वर्षांपूर्वी माणूस दोन पायांवर चालायला लागला. कमरेचं हाड त्या चालीला साजेसं, अरुंद घडलं. पुढे बाळाचं डोकं मोठं होत गेलं. म्हणून वाट अडचणीची. बाळाला आत वळत वळत बाहेर यावं लागतं. वानरी बहुतेक एकटीच विते, पण बाईला दुसऱ्याचा हात लागतो. आधार द्यायला लागतो, मारायला नाही."

त्यांनी मदीहाचे पाय सोडवले आणि खाली स्वच्छ चादर अंथरली. मदीहा उकिडवी बसली. सईदाबींनी तिला मागून कवेत घेतलं, आणि मदीहाने दोन्ही हातांनी माझा पाय घट्ट पकडला. थोड्या वेळाने मुलगी झाली, खणखणीत रडली. इतक्या वर्षांत मी कुणाच्या खरोखर उपयोगी पडल्याचं मला तेव्हाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भडकले. "टेबल असताना जमिनीवर? ती काय जनावर आहे?" त्यांनी वनिता सिस्टरना नोटीस काढली.

सईदाबी बाजूलाच उभ्या होत्या. "डॉक्टरसाब, चापटीचा आवाज मी दाराबाहेरून ऐकला, मग आत पण होते. नोटीस द्यायची तर मारणाऱ्या हाताला द्या. जनावराला पण वेताच्या टायमाला कोण झापड मारत नाय!"

डॉक्टरांनी नोटीस मागे घेतली. माफी मात्र कुणी मागितली नाही. कमळबाईंना कुणी एक शब्द बोललं नाही. घरची एक बाई सोबतीला आत येऊ लागली, एवढाच काय तो फरक.

आता तिथे बटणावर वरखाली होणारं नवं टेबल आलं आहे. मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडून आहे. मला रंग द्या, तेल द्या, असं माझं मागणं नाही. उद्या तुमची बहीण, वहिनी त्या खोलीत जाईल, तेव्हा तिला एकटं सोडू नका. आणि तिला कुणी नाजूक म्हणून हिणवलं, तिच्यावर हात उगारला, तर गप्प बसू नका. मी वीस वर्षं सगळं पाहिलं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.