नव्वदाव्या अंशाची सावली

बगदादच्या दफ्तरात कागदावर कोरा रकाना चालत नसे. उबैदच्या तक्त्यात नेमका एकच, नव्वद अंशांपुढचा, कोरा होता, आणि तेवढ्यावरून त्याची आठ वर्षांची मेहनत परत जायच्या बेतात होती.

तक्ता सावल्यांचा होता. बारा बोटे उंचीची काठी उभी रोवायची. सूर्य डोक्यावरून ढळत जातो तशी सावली लांबते. तो किती अंश ढळला की सावली किती बोटे, ते त्यात मांडलेले. सावली आणि काठी यांच्या याच गुणोत्तराला पुढे जगाने टॅन हे नाव दिले आणि शाळकरी पोरांची झोप उडवली. उबैदचीही उडाली होती, पण आनंदाने. पंचेचाळीस अंशांवर सावली काठीएवढी, बरोबर बारा. तीसवर सातला जराशी कमी, साठवर एकविसाला जराशी कमी. दोन्ही आकडे कधीच न संपणारे. पण त्यांचा गुणाकार एकशे चव्वेचाळीस, म्हणजे बाराचा वर्ग. मिळून नव्वद होणारी कुठलीही जोडी घ्या, गुणाकार तोच. हे उमगले त्या दिवशी तो जेवायचे विसरला, आणि ताप आला असे समजून बायकोने त्याला काढा पाजला.

दफ्तराचा प्रमुख अबू हातिम पसंत करील तोच तक्ता नमाजाच्या वेळा ठरवायला शहरभरच्या मशिदींत जाणार होता. प्रतिस्पर्धी हारिसने नव्वदपुढे, म्हणजे सूर्य क्षितिजावर टेकतो त्या अंशापुढे, नऊ लाख लिहून टाकले होते. आकडा दिसायला भारदस्त होता.

“उस्ताद, तुम्ही दहा लाख लिहा आणि मोकळे व्हा,” अबू हातिम म्हणाला. “कोऱ्या जागेत उद्या कोणी काहीही खरडेल आणि मान माझी जाईल.”

“अबू हातिम, नव्वदची जोडी शून्याशी. सूर्य डोक्यावर असला की सावली शून्य. त्या शून्याला कशाने गुणू, म्हणजे एकशे चव्वेचाळीस येतील?”

अबू हातिम जुन्या वळणाचा कारकून. हिशेब बोटांवर करायचा. त्या बोटांनी भलेभले सुभेदार पकडले होते. ती मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग त्याने जोडे चढवले आणि, दाखवा म्हणाला, तुमची ती सावली.

दोघे गच्चीवर गेले. सूर्य टेकायला आला होता. तिथे रोवलेल्या काठीची सावली गच्ची संपवून पुढे गेली होती. उबैदने नुसते बोट दाखवले. मशिदीच्या मिनाराची सावली तिग्रिस ओलांडून पलीकडच्या खजुरांत शिरली होती. बघता बघता ती बागा सोडून माळावर गेली, आणि मग कुठवर, ते डोळ्यांना कळेना. अबू हातिमची बोटे अर्धवट मिटलेली तशीच राहिली. सूर्य बुडाला.

“शेवटच्या क्षणी ती कुठे होती?” त्याने हळूच विचारले.

“मला ठाऊक नाही. म्हणून लिहिलं नाही.”

 खाली येऊन अबू हातिमने कोऱ्या रकान्याच्या चारी बाजूंना दफ्तराचा शिक्का मारला, आत कोणालाही, त्याला स्वतःलासुद्धा, काही लिहिता येऊ नये म्हणून.